८ जीबी मेमरीत ४४ पावसाळे : प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२५, सांगली

आजपासून रीतसर सुरुवात. प्रश्न एका ओळीचा आहे: कृष्णा, कोयना आणि वारणेच्या पाणलोटात सलग ७२ तासांत किती पाऊस झाला म्हणजे तो त्या जागेसाठी असाधारण म्हणायचा? आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. नदीचा आकडा आपल्या तोंडी आहे, पण महाबळेश्वरापासून खाली घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचा असा आकडा कुणाच्या तोंडी नाही. तो मला बिंदूबिंदूला काढायचा आहे.

माहिती ईआरए-५ ची. युरोपच्या हवामान केंद्राने निरीक्षणं आणि हवामानाचं प्रारूप यांचा मेळ घालून तासातासाचा पाऊस १९४० पासून काढून ठेवला आहे, पाव अंशाच्या जाळीवर. माझ्याकडे १९८० ते २०२३ चे जून ते सप्टेंबर आहेत. पुण्याच्या एका मैत्रिणीने पूर्वी उतरवलेल्या या नेटसीडीएफ (हवामानाचे आकडे साठवायची एक पद्धत) फाइली बाह्य डिस्कवर आल्या. महिन्याला एक, म्हणजे एकूण १७६ फाइली. चौकट भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या जाळीचीच घेतली आहे: उत्तर-दक्षिण १२९ बिंदू, पूर्व-पश्चिम १३५. पुढे दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आहेत, तेव्हा बिंदू जुळलेले हवेत.

यंत्र माझा रोजचा लॅपटॉप. रॅम ८ जीबी, बोर्डावरच डागलेली, त्यामुळे वाढवता येत नाही. डेस्कटॉप आणि ब्राउझर वगळून हाताला साडेपाच जीबी लागते.

सगळ्या फाइली मिळून डिस्कवर साडेचार जीबी. मावतील असं धरून एकत्र उघडल्या आणि मेमरीत भरायला सांगितल्या.

११ मार्च

काल माउस हलेना झाला, डिस्कचा दिवा अखंड पेटला आणि चार-पाच मिनिटांनी टर्मिनलवर एकच शब्द आला: किल्ड. पायथनची चूक दाखवणारी ओळसुद्धा नाही, कारण पायथनला बोलायला वेळच मिळाला नव्हता. कर्नलच्या नोंदी उघडल्यावर कळलं की मेमरी संपत आल्याने लिनक्सनेच ही प्रक्रिया मारून टाकली. मी दोन तास कोडमधली चूक शोधत होते. कोड बरोबर होता, हिशेब केला नव्हता.

हिशेब आज केला. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे २,९२८ तास. ४४ पावसाळ्यांचे १,२८,८३२ तास. जाळीचे १७,४१५ बिंदू. गुणाकार २२४ कोटी आकड्यांचा. एका आकड्याला २ बाइट लागले तर साडेचार जीबी, ४ लागले तर ९ आणि ८ लागले तर १८.

डिस्कवर ते २ बाइटांत आहेत. जुन्या पद्धतीच्या या फाइलींत पाऊस पूर्णांक म्हणून दाबून ठेवलेला असतो. सोबत एक गुणक आणि एक भर दिलेली असते. पूर्णांकाला गुणकाने गुणायचं, भर मिळवायची, की मीटरमधला पाऊस मिळतो. एक्सअ‍ॅरे (पायथनमध्ये असल्या फाइली वाचायचं साधन) हे आपोआप करतं, आणि भर असेल तर अचूकता जाऊ नये म्हणून थेट ८ बाइटांच्या दशांश संख्या बनवतं. साडेचारचे १८ होतात ते असे. फाइलीचा आकार बघून मेमरीचा अंदाज करायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मला ८ बाइट हवेतच का? फाइलीतला पाऊस मुळात ६५,५३६ पायऱ्यांवर मोजून ठेवलेला आहे. ३२ बिटांच्या दशांश संख्येत दीड कोटीहून जास्त पायऱ्या मावतात. म्हणजे ४ बाइटांत काहीही हरवत नाही. उलगडा हाताने करायचा आणि ४ बाइटांतच ठेवायचा. तरीही ९ जीबी होतात. एकत्र भरणं विसरायचं.

१७ मार्च

एक गोष्ट उगाच मोठी करत होते. सगळा भारत शेवटी हवाच आहे, पण पद्धत बसवायला पाणलोटाची पेटी पुरते: १६.५ ते १८.२५ उत्तर, ७३.५ ते ७५ पूर्व. आठ गुणिले सात, म्हणजे ५६ बिंदू. सगळे तास धरले आणि ८ बाइटांनी मोजलं तरी ५८ एमबी.

स्क्रिप्ट सरळ लिहिली: महिन्याची फाइल पूर्ण वाचायची, तिच्यातून पेटी कापायची, काप यादीत टाकायचा आणि पुढच्या महिन्याकडे जायचं. हेतू एवढाच होता की एका वेळी एकच महिना मेमरीत असावा.

पन्नासाव्या फाइलीच्या पुढे लॅपटॉप पुन्हा रडकुंडीला आला. मेमरी दर फाइलीला शंभरेक एमबीने चढत होती. ५८ एमबीच्या कामाला पाच जीबी कशी लागतात, हे आज रात्री झोपेपर्यंत सुटलं नाही.

१९ मार्च

सुटलं. माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी शेजारी बसली होती. तिने विचारलं, "मॅडम, कापलेला तुकडा खरंच वेगळा झालाय का?"

तिथेच होतं. नमपाय म्हणजे आकड्यांचे तक्ते, म्हणजे अ‍ॅरे, हाताळायचं पायथनचं साधन. नमपायमध्ये अ‍ॅरेचा काप घेतला की नवा अ‍ॅरे बनत नाही. मूळ अ‍ॅरेकडे उघडणारी एक खिडकी मिळते. खिडकी जोवर कुणाच्या तरी हातात आहे, तोवर मूळ घर पाडता येत नाही. जुलैचा महिना ८ बाइटांनी १०४ एमबीचा. माझ्या यादीत ५६ बिंदूंची खिडकी दिसत होती आणि तिच्या मागे अख्खा भारत उभा होता, प्रत्येक महिन्याचा वेगळा. १७६ महिन्यांचे तेच १८ जीबी झाले असते. मागच्या दाराने मी पुन्हा तिथेच पोचले होते.

खात्री करायची सोय नमपायमध्येच आहे. तुकड्याला त्याचा 'बेस' विचारायचा. काही नसेल तर तुकडा स्वतंत्र आहे, आणि मोठा अ‍ॅरे समोर आला तर ती खिडकी आहे.

उपाय म्हणजे कापापुढे कॉपी हा एक शब्द लिहायचा. त्यानंतर सगळ्या १७६ फाइली एका दमात गेल्या आणि मेमरी जागची हलली नाही. तिला म्हटलं, "हे तू शोधलंस असं मी नोंदीत लिहिणार आहे." लिहिलं.

३० मार्च, पाडवा

काम नाही. हरिपूरला आबांकडे गेले होते. गुढी उतरवल्यावर ते जुन्या पेवांच्या जागेकडे घेऊन गेले. हरिपूरची हळदीची पेवं एके काळी लांबपर्यंत माहीत होती. जमिनीखाली पोट मोठं आणि वर तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. भरताना आणि काढताना माल त्या तोंडातूनच जायचा, म्हणून कुठल्या क्रमाने भरायचं हे आधी ठरवावं लागायचं, असं आबा सांगतात. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. त्या वर्षाबद्दल ते फार बोलत नाहीत.

५ एप्रिल

आता सगळ्या भारतासाठी महिन्यामहिन्याने काम. आठवडाभर बारीकसारीक दुरुस्त्या चालल्या होत्या. त्यातल्या दोन लिहून ठेवते.

पहिली: मीटरचे मिलिमीटर करायला अ‍ॅरेला हजाराने गुणून उत्तर त्याच नावात ठेवत होते. असं केलं की आधी गुणाकाराचा दुसरा अ‍ॅरे बनतो आणि मग पहिला सुटतो. क्षणभर दोन्ही मेमरीत असतात. जागच्या जागी गुणलं तर दुसरा बनतच नाही. एका महिन्याला हा फरक ५२ एमबीचा. एका ओळीत असे चार हिशेब असतील तर चौपट. मेमरीचा शेवटचा आकडा बघून उपयोग नाही, वाटेतला सर्वात उंच आकडा बघायला हवा. आता प्रत्येक धावेनंतर तो नोंदवते.

दुसरी: दाबलेल्या फाइली उलगडल्या की काही कोरड्या तासांना शून्याच्या किंचित खाली पाऊस दिसतो. दाबण्याच्या पायऱ्यांमुळे असं होतं. ते शून्य करायचं, तेही जागच्या जागी.

एका वेळचा सर्वात उंच आकडा आता ४०० एमबीच्या खाली आहे. या यंत्रावर इतका मोकळा श्वास पहिल्यांदाच. ७२ तासांच्या बेरजा काढून प्रत्येक वर्षाची कमाल लिहायला लावली आणि रात्री सोडून दिलं. सकाळी नकाशा तयार होता. सह्याद्रीची कड ठळक उठून आली होती आणि माणदेशाकडे रंग उतरत गेला होता. सुंदर दिसला. मैत्रिणीला पाठवलासुद्धा.

९ एप्रिल

तो नकाशा चुकीचा आहे.

आबा दवाखान्याच्या कामाने सांगलीत आले होते. लॅपटॉपवरच्या रेषा पाहत बसले आणि म्हणाले, "काय गं, २०१९ ला पाणी यायच्या आधी घाटात पाऊस नुसता लागून राहिला हुता. ऑगस्टच्या पहिल्या तारखांना काय म्हणतंय तुझं हे?"

"दाखवते आबा."

कोयनानगरजवळचा बिंदू उघडला, २०१९ घेतलं, ३१ जुलैवरून पुढे गेले. १ ऑगस्टपासून रकाना कोरा. २ कोरा. ३ कोरा. आपल्या घड्याळाने ४ तारखेच्या पहाटे आकडे परत सुरू झाले.

आबांना म्हटलं, "इथे माझी चूक आहे, दुरुस्त करून दाखवते." ते म्हणाले, "कर की. सावकाश कर." आणि चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले.

१० एप्रिल

कारण कळायला पाच मिनिटं लागली. पचायला वेळ लागतोय.

७२ तासांची बेरीज करायची तर प्रत्येक तासाला त्याच्या मागचे ७१ तास लागतात. मी महिना हे एकक घेतलं. ऑगस्टची फाइल उघडली तेव्हा जुलै मेमरीतून गेलेला होता, त्यामुळे ऑगस्टच्या पहिल्या ७१ तासांना मागचं काही मिळालं नाही आणि तिथे रिकामी जागा पडली. वर्षाची कमाल काढताना मी रिकाम्या जागा सोडून द्यायला सांगितलं होतं, म्हणून कुणी तक्रार केली नाही. १ जुलै, १ ऑगस्ट, १ सप्टेंबर: दर पावसाळ्यात ७१ तासांच्या तीन फटी. २१३ तास, म्हणजे पावसाळ्याचा सात टक्क्यांहून जास्त भाग.

आणि फट पडली ती कुठे! २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली. त्यानंतरच्याच दिवसांत, जुलै सरताना आणि ऑगस्ट लागताना कृष्णेला पूर आला. २०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नदी चढत गेली आणि आयर्विनजवळ ५७ फुटांच्या वर पोचली. दोन्ही वेळा ज्या तारखांवर सगळा जीव एकवटला होता, नेमक्या त्याच माझ्या दोन फाइलींच्या सांध्यात सांडल्या. मेमरी संपून प्रक्रिया मेली तेव्हा निदान कळलं तरी होतं. इथे सगळं वेळेत पूर्ण झालं, नकाशा देखणा निघाला आणि पुराचे दिवस त्यातून गेले होते.

दुरुस्ती: प्रत्येक महिना संपताना त्याचे शेवटचे ७१ तास बाजूला ठेवायचे आणि पुढच्या महिन्याच्या डोक्याला जोडून मग बेरीज करायची. आम्ही त्याला शेपटी म्हणतो. सगळ्या भारताची शेपटी ४ बाइटांनी ५ एमबीच्या आत बसते. दर १ जूनला शेपटी रिकामी करायची, कारण आधीचा सप्टेंबर मागच्या वर्षाचा असतो. शेपटी ठेवतानाही कॉपी करायची, नाहीतर १९ मार्चची खिडकी परत उघडेल.

मैत्रिणीला फोन करून तो नकाशा वापरू नकोस म्हणून सांगितलं.

१४ एप्रिल

सुट्टी होती, पण मी आणि विद्यार्थिनी दिवसभर फक्त तपासणी करत बसलो.

एका बिंदूचे सगळे १,२८,८३२ तास ४ बाइटांनी अर्ध्या एमबीहून जरासे जास्त होतात. म्हणजे एक बिंदू तरी अखंड, एकाही सांध्याशिवाय मेमरीत घेता येतो. तसे तीन घेतले: महाबळेश्वरजवळचा, कोयनानगरजवळचा आणि सांगलीजवळचा. त्यांच्या ७२ तासांच्या बेरजा अगदी साध्या, संथ पद्धतीने काढल्या आणि महिन्यामहिन्याच्या कामातून आलेल्या उत्तरांशी तासागणिक ताडून पाहिल्या. तिन्ही ठिकाणी रिकाम्या जागा आता फक्त जूनच्या डोक्याशी आहेत, जिथे असायला हव्यात तिथेच. फरक सातव्या अंकाच्या आसपास.

तिला म्हटलं, यापुढे तुकड्यांत केलेलं कुठलंही काम या तीन अखंड बिंदूंशी जुळल्याशिवाय खरं धरायचं नाही. तिने तीन बिंदूंची फाइल वेगळी ठेवून तिला नाव दिलं, 'साक्षीदार'.

२१ एप्रिल

हवामान विभागाची रोजच्या पावसाची जाळी. याबद्दल थोडक्यात, कारण इथे मेमरीचा प्रश्न जवळजवळ नाहीच.

वर्षाला एक फाइल, साधे ४ बाइटांचे आकडे एकापुढे एक, दाबलेलं काही नाही. ३६५ दिवसांच्या वर्षाची फाइल बरोब्बर २,५४,२५,९०० बाइटांची असते आणि लीप वर्षाची ६९,६६० बाइट जास्त. उतरवताना फाइल अर्धवट राहिली का, हे आकारावरूनच कळतं. अशा फाइलीला नमपायचं मेमरी-मॅपिंग उत्तम बसतं. अ‍ॅरे दिसतो पूर्ण, पण डिस्कवरून उचलला जातो फक्त मागितलेला भाग. १९०१ पासूनचं सगळं शतक उघडं ठेवूनही मेमरी जेमतेम हलते.

समुद्र आणि सीमेबाहेरच्या बिंदूंवर वजा ९९९ लिहिलेलं असतं. ते बेरजेत गेलं तर सगळं बिघडतं. मात्र झाकण्यासाठी सगळा अ‍ॅरे एकदम हाताळला तर मॅपिंगचा फायदा जातो, कारण त्याची पूर्ण प्रत मेमरीत बनते. म्हणून झाकायचं ते वर्षावर्षाने.

दिवसाच्या व्याख्येकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागलं. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ईआरए-५ चं घड्याळ ग्रीनिचचं, म्हणजे तिथे तीन वाजलेले असतात, आणि तिथला तासाचा पाऊस त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो. त्यामुळे माझा 'दिवस' आदल्या दिवशीच्या चारच्या नोंदीपासून आजच्या तीनच्या नोंदीपर्यंत, एकूण २४ तास. हाही सांधाच आहे, महिन्याचा नाही तर दिवसाचा. शेपटी तिथेही कामी आली.

२८ एप्रिल

आता खरा कस. कमाल, बेरीज, सरासरी ही कामं वाहत्या पाण्यासारखी आहेत. आकडा आला, मोजला, गेला. आतापर्यंतची बेरीज आणि संख्या एवढंच लक्षात ठेवायचं. पण मला हवाय ९९ वा शतमक, म्हणजे शंभरातल्या ९९ बेरजा ज्याच्या खाली राहतात तो आकडा. असाधारण कशाला म्हणायचं ते त्यावरूनच ठरणार. तो काढायला त्या बिंदूचे सगळे तास एकत्र समोर लागतात, त्यांना क्रम लावावा लागतो. जुलै १९८६ चा निकाल आधी लावून तो महिना सोडून देता येत नाही. दर महिन्याचा शतमक काढून त्यांची सरासरी घेणं म्हणजे वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देणं.

माझ्या फाइली तासाप्रमाणे रचलेल्या आहेत आणि प्रश्न बिंदूप्रमाणे विचारलाय. कॉलेजातल्या हजेरीसारखं आहे हे. रोजच्या हजेरीचे कागद तारखेप्रमाणे गठ्ठ्यात लावलेत आणि मागितलंय प्रत्येक मुलीचं वर्षाचं कार्ड. एकेका मुलीसाठी अख्खा गठ्ठा उलटायचा तर जन्म जाईल.

३ मे

आधी सोपे रस्ते चालून पाहिले.

डास्क: गणित लगेच न करता आधी कामांची यादी बनवतं आणि तुकड्यातुकड्याने उरकतं. पहिल्यांदा मी एका तासाचा एक तुकडा केला. लाखभराहून जास्त कामं झाली आणि ती वाटण्यातच यंत्र गुंतलं. मग महिन्याचा एक तुकडा केला. तो वेगाने पळाला, पण शतमकाला काळाची मिती अखंड लागते असं सांगून थांबला. सांगितल्याप्रमाणे काळ अखंड केला, तर आतून सगळे तुकडे एकमेकांत पेरावे लागले आणि चार कामगारांत (डास्कच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांत) वाटलेल्या मेमरीत ते बसेना. चूक डास्कची नाही. जे काम मला उघड करायला हवं होतं, ते मी त्याच्यावर गपचूप ढकलत होते.

पट्ट्या: उत्तर-दक्षिण १० ओळींची एक पट्टी घ्यायची. ४ बाइटांनी ६९६ एमबी, सहज मावते. अशा १३ पट्ट्या. पण फाइलींत आकडे तासाप्रमाणे रचलेले आहेत. पट्टी मागितली तरी तिचे बारीक तुकडे प्रत्येक तासात विखुरलेले असतात, आणि ते उचलताना डिस्क आजूबाजूचंही वाचते. माझ्या फाइलींत याचा अर्थ जवळजवळ पूर्ण फाइल. १३ वेळा साडेचार जीबी म्हणजे बाह्य डिस्कवरून ५८ जीबीचं वाचन. एकदाच करायचं असतं तर चाललं असतं, पण मी शतमक बदलणार, वर्षं बदलणार.

मोजणीचे कप्पे: प्रत्येक बिंदूला पावसाचे १,००० कप्पे करायचे आणि कुठल्या कप्प्यात किती तास पडले एवढंच मोजायचं. ४ बाइटांनी ७० एमबी. फाइली एकदाच वाचाव्या लागतात, उत्तर कप्प्याच्या रुंदीइतकं अंदाजी. हे मला फार आवडलं. मुख्य उत्तरासाठी नाही, पडताळणीसाठी ठेवतेय.

८ मे

ठरलं. गठ्ठा एकदाच उलटायचा, पण उलटताना प्रत्येक कागद सगळ्यांच्या कार्डांवर उतरवून पुढे जायचं.

डिस्कवर १३ रिकाम्या फाइली तयार केल्या, एका पट्टीला एक, बिंदू आधी आणि काळ नंतर अशा रचनेच्या. महिन्याची फाइल उघडायची, ४ बाइटांत उलगडायची, आडवी-उभी फिरवायची आणि तिचे १३ भाग त्या त्या पट्टीत, त्या महिन्याच्या जागी लिहायचे. मूळ फाइल पुन्हा कधी उघडायची नाही. डिस्कवर ९ जीबी जागा लागते. डिस्क माझ्याकडे आहे, रॅम नाही. जे स्वस्त आहे ते खर्चायचं.

दुपारी वळीव आला आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर तरला, बाह्य डिस्क स्वतःच्या वायरवर असल्याने बंद पडली. ९१ वा महिना अर्धा लिहिला गेला होता. महिन्याची जागा ठरलेली असल्याने तोच पुन्हा लिहिला की झालं, मात्र कुठपर्यंत आलो हे कळायला हवं. आता महिना पूर्ण उतरून डिस्कवर पोचल्यावरच एका साध्या मजकूर फाइलीत त्याचं नाव जातं, आणि स्क्रिप्ट सुरू होताना ती यादी वाचते. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. सांगलीत मे महिना आहे.

१३ मे

पट्ट्या तयार. ९९ वा शतमक काढायला एक पट्टी मेमरीत घ्यायची. नमपाय शतमक काढताना मूळ अ‍ॅरेची प्रत करतं, म्हणजे ६९६ चे १,४०० एमबी. मूळ विस्कटलं तरी चालेल अशी परवानगी देता येते, ती दिली. मूळ डिस्कवर आहेच.

पट्टीत काळ अखंड असल्याने महिन्याचे सांधे नाहीसे झाले. मी खुशीत होते. विद्यार्थिनीने साक्षीदार काढले आणि म्हणाली, "मॅडम, पट्टीत ३,०५३ बेरजा जास्त येतायत."

७१ गुणिले ४३. म्हणजे ४४ पावसाळ्यांच्या मधल्या ४३ जागा. पट्टीत ३० सप्टेंबरच्या शेजारी पुढच्या वर्षीचा १ जून येऊन बसलाय, आणि माझी ७२ तासांची खिडकी आठ महिने ओलांडून परतीचा पाऊस वळवाला जोडत होती. एप्रिलमध्ये दर जूनला शेपटी हाताने रिकामी केली होती. इथे काळ अखंड दिसला आणि विसरले. तेव्हा जोडायचं होतं तिथे तुटलं होतं, आता तुटायचं होतं तिथे जुळलं.

पट्टीला बिंदू, वर्ष, तास अशा तीन मिती दिल्या. बेरीज वर्षाच्या आतच होते, बाहेर जाऊच शकत नाही.

यातून दुसरंही एक सुधारलं. मी चढती बेरीज करून तिची वजाबाकी घेत होते, तीही सगळ्या ४४ वर्षांवर, ३२ बिटांत. बेरीज ६५,५३६ मिलिमीटरच्या पुढे गेली की ३२ बिटांत शेजारच्या दोन आकड्यांतलं अंतरच ०.००७८ मिलिमीटर होतं. ०.००३ मिलिमीटरची भुरभुर त्यात मिळवली तर बेरीज हलतसुद्धा नाही. आता चढती बेरीज दर पावसाळ्याला नव्याने सुरू होते आणि ८ बाइटांत होते. एका पट्टीच्या एका पावसाळ्याला ३२ एमबी, ते सहज परवडतात.

बेरजांची संख्या आता १,२५,७०८. तिन्ही साक्षीदारांशी जुळली.

२६ मे

यंदा पाऊस लवकर आला. आजच मुंबईत मान्सून पोचल्याचं हवामान विभागाने सांगितलं. इथे रात्रभर पडतोय.

९९ व्या शतमकाचा पूर्ण नकाशा काल पहाटे निघाला. वाटेतला सर्वात उंच आकडा ९०० एमबीच्या आसपास. कप्प्यांच्या मोजणीशी ताडला, सगळीकडे फरक कप्प्याच्या रुंदीच्या आत. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. पाव अंशाच्या, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या चौकोनाच्या सरासरीत तसा आकडा उमटणार नाही, हे नकाशाखाली ठळक लिहिलं आहे. डोंगराच्या एका खांद्यावर कोसळलेला पाऊस जाळी पसरून दाखवते. इशाऱ्यासाठी हे वापरणाऱ्याने ते विसरू नये.

आबांसाठी २०१९ चा कागद छापून घेतला, कोयनानगरजवळचा बिंदू, २५ जुलै ते १० ऑगस्ट. १ ते ३ ऑगस्टचे रकाने भरलेले आहेत. त्यांनी चष्मा लावून बोटाने एकेक तारीख वाचली आणि कागद घडी घालून पंचांगात ठेवला.

उद्यापासून २०२४ च्या फाइली. त्या नव्या पद्धतीच्या आहेत: पूर्णांकांत दाबलेल्या नाहीत, आणि वेळेच्या मितीचं नावही वेगळं. आधी नाव बदलायचं, मग आकार मोजायचा, मग साक्षीदार.